ओळंबा आणि अकराव्या पायरीचा बांध

आमच्या साडूंना सगळा डोंगर ‘ओळंबा’ म्हणतो. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं ते पितळी वजन. भिंतीसमोर धरलं की भिंतीचं खरं चारित्र्य बाहेर येतं. लोक खिशात रुमाल ठेवतात, साडू ओळंबा ठेवतात. शिंक आली की त्यांची पंचाईत होते, पण समोरची भिंत सरळ आहे की नाही, हे त्यांना नाक पुसायच्या आधी समजलेलं असतं.

तोंडावर आम्ही त्यांना दादा म्हणतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, उंचीने वीतभर कमी, आणि बोलण्यात दोघांची बेरीज केली तरी वरचढ. आम्ही नवं घर घेतलं तेव्हा ते बघायला आले. चपला काढल्या, पाण्याचा पेला हातात घेतला नाही, खिशातून दोरी काढली आणि बैठकीच्या चारही भिंतींसमोर एकेक मिनिट गप्प उभे राहिले. डॉक्टरने नाडी धरावी तशी दोरी धरलेली. आम्ही नवराबायको कोपऱ्यात, रोग्याच्या नातेवाइकांसारखे. शेवटी म्हणाले, “ही खिडकीकडची दोन सूत बाहेर आहे. राहा, काही होत नाही.” दोन सूत म्हणजे पाव इंच. गेली नऊ वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो, की आपण हळूहळू रस्त्याकडे कलतोय असं मला वाटत राहतं.

दादांचं काम बांध रचण्याचं. ते राहतात त्या डोंगराचं आता उद्यान झालं आहे. उद्यान म्हटल्यावर कारंजं आणि घसरगुंडी डोळ्यांसमोर आणू नका. अख्खा डोंगर, त्यावरचं दाट जंगल, आणि जंगलाच्या मधून मधून पायऱ्यापायऱ्यांची शेतं. कोणे एके काळी तिथल्या शेतकऱ्यांनी दगड वेचून बांध घातले, बांधामागे माती अडवली आणि सगळ्या उताराचा जिना केला. झाडं मुळापासून तोडली नाहीत; माणसाच्या डोक्याच्या उंचीवर छाटून पाला गुरांना घातला. त्यामुळे तिथलं प्रत्येक जुनं झाड जाडजूड बुंध्यावर केस पिंजारून उभं असतं, झोपेतून उठवलेल्या काकांसारखं. गवत कापायचं तेही फुलं झडून बी जमिनीत पडल्यावर, म्हणून फुलं टिकली. पुढे माणसं खालच्या शहरात गेली, गुरं गेली, आणि जंगलाला वाटलं, आता आपलंच राज्य. तेव्हा काही शहाण्या लोकांच्या ध्यानात आलं, की आपण ज्याला निसर्ग निसर्ग म्हणून डोळे मिटून दाद देतो, त्यात निम्मा घाम आहे. कोयता आणि पहार थांबली, की फुलंही जातील आणि त्यांच्यावर बसणारी फुलपाखरंही. म्हणून उद्यान झालं, जुनी कामं पगारावर पुन्हा सुरू झाली, आणि आमचे दादा बांधांचे मुख्य कारागीर झाले.

हे बांध सुके. म्हणजे त्यात चुना नाही, सिमेंट नाही, चिखलाचा बोळासुद्धा नाही. समोर मोठे दगड एकमेकांना खांदा देऊन बसलेले, त्यांच्या मागे बारक्या दगडांची भरणी, आणि फटींमध्ये ठोकलेल्या दगडाच्या चिपा. बस्स. पाऊस पडला की पाणी बांधातून पाझरून खालच्या पायरीवर जातं आणि बांध जागचा हलत नाही.

दर रविवारी उद्यान बघायला माणसं येतात आणि दादा त्यांना घेऊन वर चढतात. त्यांचं ठरलेलं प्रवचन अकराव्या पायरीशी होतं. “पाणी पाहुण्यासारखं असतं,” दादा सांगतात. “दार उघडं ठेवलंत तर चहासुद्धा न घेता जातं. दार अडवलंत तर मुक्काम ठोकतं, आणि जाताना भिंत घेऊन जातं.” मी हे वाक्य किमान वीस वेळा ऐकलं असेल, आणि वीसही वेळा दादा ते आत्ताच सुचल्यासारखं, मध्येच थांबून, आभाळाकडे बघून म्हणाले आहेत.

सिमेंटवर त्यांचा राग असा, की आमच्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, हट्टाने न्हाणीघरात फरशी बसवून घेतली तेव्हा दादा आठ दिवस अंगणात अंघोळ करत होते. नवव्या दिवशी थंडी पडली आणि तत्त्वाने माघार घेतली.

पण या रागाची एक बाजू हसण्यासारखी नाही. त्यांच्याच गल्लीत चार घरं सोडून एक गवंडी राहतो. तोही उद्यानात बांधाच्या कामावर होता. सात वर्षांपूर्वी एका कोपऱ्यातला दगड डुगडुगत होता म्हणून त्याने त्याच्याखाली दोन थाप्या सिमेंट सारलं. दादांना ते दिसलं. त्यांनी गवंड्याला बाजूला घेतलं नाही. रविवारची वाट बघितली, तीस माणसांसमोर पहार घालून तो दगड उचकटला, करडा गोळा हातात धरला आणि म्हणाले, “ज्याला दगड बसवता येत नाही, त्याने दगडाला हात लावू नये.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. गवंडी हातात घमेलं घेऊन त्याच लोकांमध्ये उभा होता.

त्याचं काम गेलं. पाच वर्षं तो खाली शहरात लोकांच्या मोऱ्या आणि न्हाणीघरं करत फिरला. त्याच्या बायकोने ताईंशी बोलणं टाकलं. नळावर दोघी शेजारी उभ्या राहून एकमेकींच्या बादल्यांकडे बघत. दादा मात्र तो प्रसंग आम्हाला मोठ्या चवीने सांगायचे आणि आम्हीही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचो, कारण मला माझ्या भिंतीचा विषय टाळायचा असे.

दोन वर्षांपूर्वी उद्यानाने डोंगरावर नवी पायवाट काढायचं ठरवलं. अकराव्या पायरीचा जुना बांध ढासळला होता, तो नव्याने रचायचा होता, आणि हात कमी पडत होते. उद्यानाच्या प्रमुखबाईंनी गवंड्याला परत बोलावलं. दादांनी अट घातली: समोरच्या दगडांना त्याने शिवायचं नाही, फक्त मागची भरणी करायची, आणि ती रोज संध्याकाळी दादा तपासणार. गवंड्याने मान खाली घालून अट मान्य केली. दादा रोज त्याच्या भरणीत काठी खुपसून बघत. एकदाही त्यांना नाव ठेवायला जागा सापडली नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटत असावं.

त्याच दिवसांत मला त्यांचा फोन आला. येताना एक पोतं सिमेंट आणा म्हणाले, ताईच्या न्हाणीघराची फरशी उखडली आहे. मी आणलं. शहराच्या टोकाला दादा वाट बघत उभे होते. गाडीत बसताना त्यांनी दार डाव्या हाताने उघडलं, ते मला जरा विचित्र वाटलं. चढावर घराकडचं वळण आलं तर म्हणाले, सरळ घ्या.

“दादा, न्हाणीघर इकडे कुठे?”

“जरा हवा खाऊन जाऊ,” दादा समोर बघत म्हणाले.

पोत्यालाही हवा खायची होती. उद्यानाच्या मागच्या फाटकाशी आम्ही थांबलो, दोघांनी मिळून ते एका पिंजारलेल्या झाडामागे नेलं आणि दादांनी वर पालापाचोळा पसरला. मी काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण कळलं होतं. घरी आल्यावर दादांनी चहाचा पेला दोन्ही तळव्यांमध्ये धरला, थंडी नसताना. उजव्या हाताची दोन बोटं मिटतच नव्हती.

नवी पायवाट ठरल्या दिवशी सुरू झाली. अकराव्या पायरीचा बांध असा देखणा, की लोक त्याला पाठ लावून फोटो काढायचे.

यंदा पाऊस जरा जास्तच झाला. तो सरल्यावर आम्ही नवराबायको नेहमीप्रमाणे चार दिवस डोंगरावर गेलो. शनिवारी पोचलो आणि रविवारी दादांबरोबर वर निघालो. पंचवीसेक माणसं होती. दादा रंगात होते. एका झाडाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणाले, “याला माझ्या आजोबांनी छाटलं, वडिलांनी छाटलं, मी छाटलं, आणि हे अजून आमच्यापेक्षा तरुण दिसतं.” हशा झाला. गवतातली फुलं दाखवताना कुणीतरी एक खुडलं, त्याला त्यांनी असं काही झापलं, की त्या गृहस्थाने ते फूल परत देठावर टेकवून बघितलं.

दहाव्या पायरीवरून वळलो आणि दादा थांबले.

अकराव्या पायरीचा बांध पायवाटेवर आडवा पडला होता. मधला दहा-बारा हातांचा भाग फुटून आला होता आणि त्यामागची माती तोंड उघडल्यासारखी लाल दिसत होती. पडलेल्या दगडांमध्ये भोपळ्याएवढे करडे गोळे होते, त्यांत बारके दगड रुतून बसलेले. बाहेरून सुका बांध आणि पोटात सिमेंट. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं कुणीतरी मागे पुटपुटलंही.

प्रमुखबाई आधीच येऊन पोचल्या होत्या. दोन कामगार आणि गवंडी दगड बाजूला करत होते. बाईंनी एक गोळा बुटाने उलटा केला आणि विचारलं, “इथली भरणी कोणाची होती?”

सगळ्यांनी गवंड्याकडे बघितलं.

“भरणी माझी,” गवंडी म्हणाला. “सिमेंट माझं नाही.”

एक कामगार हसून म्हणाला, मांजर म्हणतंय, दूध दुसऱ्यानेच प्यायलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दादांकडे वळल्या. रोज संध्याकाळी तुम्हीच तपासत होतात, त्या म्हणाल्या, तुम्हाला तेव्हा काही दिसलं नव्हतं का?

मी दादांच्या मागे दोन पावलांवर होतो. त्यांचा उजवा हात खिशात ओळंब्याशी चाळा करत होता. गवंडीही त्यांच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, वाट बघणं होतं.

“आठवावं लागेल,” दादा म्हणाले.

मग ते माणसांकडे वळून म्हणाले, चला, पुढे बारावी पायरी बघू. बाराव्या पायरीवर पाहुण्यासारख्या पाण्याचं वाक्य आलं नाही. दादांनी एक पांढरं फूल दाखवलं आणि त्याचं नाव चुकीचं सांगितलं. हातात पुस्तक असलेल्या एका बाईंनी बरोबर नाव सांगितलं, तर दादा म्हणाले, “हो, तेच असेल.” इतक्या वर्षांत दादांनी कुणाचं काही ‘असेल’ म्हणून मान्य केल्याचं मी ऐकलं नव्हतं. उतरताना बाई मागून कामगाराला सांगत होत्या, की गवंड्याचा हिशोब उद्या दुपारी करून टाका, त्याला पुन्हा घेण्यातच चूक झाली.

घरी ताईंनी चहा ठेवला. ताई कमी बोलतात. संसारातलं सगळं बोलणं दादांनी आधीच वापरून टाकल्यामुळे त्यांच्या वाट्याला फारसं उरलं नाही. वर काय झालं ते माझ्या बायकोने सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि पेला दादांसमोर सरकवून म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी तुमची पँट मी तीनदा धुतली. तिन्ही वेळा करडं पाणी निघालं. आणि न्हाणीघरात चमचाभर सिमेंट आलं नव्हतं.”

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. आमच्या गाडीची मागची सीट तेव्हा कशाने खराब झाली, हे तिने मला तीनदा विचारलं होतं आणि मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती.

“मग तेव्हा का बोलली नाहीस?” दादा म्हणाले.

“मला वाटलं, तुम्ही बोलाल.”

दादांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. मग तुटक तुटक सांगितलं. बोटं आधीच्या हिवाळ्यापासून मिटेनाशी झाली होती. बांधाचा मधला भाग रचला, तो पडला. पुन्हा रचला, पुन्हा पडला. पायवाट सुरू व्हायला पाच दिवस उरले होते. सुटीच्या दिवशी, गवंडी आणि बाकीचे नसताना, ते एकटे गेले, पोतं फोडून सिमेंट घमेल्याने थोडं थोडं वर नेलं, गवंड्याची चांगली भरणी काढली आणि तिथे सिमेंट ओतलं. समोरच्या फटींत चिपा ठोकल्या आणि वर शेवाळ चोळलं.

“सांगायचं ना, की हात चालत नाही,” माझी बायको म्हणाली.

“पोतं उचललं,” दादा म्हणाले, “जीभ उचलली नाही.”

उद्या सकाळी बाईंना सांगतो म्हणाले. उद्या दुपारच्या आत, ताई म्हणाल्या. हो, दुपारच्या आत. एवढं ठरल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं. मलाही वाटलं. माणसाला उद्यावर टाकलेल्या चांगुलपणाने फार लवकर बरं वाटतं.

दिवेलागणीला दार वाजलं. गवंडी होता.

सात वर्षांत तो त्या घरात आला नव्हता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, उठून जायला सोपं पडावं तसा. ताईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने चहाकडे बघितलं नाही, दादांकडे बघितलं.

“दादा, तुम्ही लोकांसमोर माझी लाज काढलीत,” तो म्हणाला. “वाईट वाटलं, पण ते खरं होतं. सिमेंट मी घातलं होतं. या वेळी मी घातलं नाही. तुम्ही रोज काठी घालून बघत होतात. तेवढं बाईंना सांगा. तुमचा शब्द वाकडा नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.”

मी मनातल्या मनात दादांना ढकलत होतो, आता, आता बोला. दादांचे ओठ हलले. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, आणि ती भिंत दादांनी स्वतः बांधलेली, एक केसही बाहेर नाही. पण मला आपण कलतोय असं वाटलं.

“बघतो,” दादा म्हणाले. “उद्या जातो मी ऑफिसात.”

“मेहेरबानी,” गवंडी म्हणाला. मग त्याने चहा प्यायला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली, आणि जाता जाता न्हाणीघराच्या फरशीकडे बघून ताईंना म्हणाला, चांगली बसवली आहे, कोणी केली? ताई म्हणाल्या, खालच्या शहरातल्या कुणीतरी. तो गेल्यावर ताई आत निघून गेल्या आणि दादा बसल्या जागी तसेच राहिले. त्यांना तो मेहेरबानी म्हणाला होता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळी दादांनी डाव्या हाताने दाढी केली. दोन ठिकाणी कापलं. मी बरोबर गेलो, कारण गाडी माझी होती. दोन वर्षांपूर्वीही माझीच होती.

प्रमुखबाई टेबलावर नकाशा पसरून बसल्या होत्या. दादा म्हणाले, मला अकराव्या पायरीबद्दल सांगायचं आहे. बाई म्हणाल्या, बसा, सांगा. तर दादा म्हणाले, “इथे नाही. बांधाशी. माणसांसमोर.” बाईंना कळेना. आज सोमवार, त्या म्हणाल्या, आज कुठली माणसं? पण चौकशी केली तेव्हा कळलं, की निवृत्त लोकांचं एक मंडळ सहलीला आलं आहे, चौदा जण. दादांनी ती चौदा माणसं मागून घेतली.

ही माणसं कशी होती म्हणता! त्यांतल्या निम्म्यांना बसायला जागा हवी होती आणि उरलेल्या निम्म्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं. चढावर ती अशी विखुरली, की पहिला माणूस अकराव्या पायरीवर पोचला तेव्हा शेवटचा चौथ्या पायरीवर पाणी पीत होता. दादांनी सगळ्यांची वाट बघितली. गवंडी आणि कामगार दगडांचा ढीग लावत होते. गवंड्याने दादांना बघून मान हलवली, ओळखीची. साक्षीदार आला म्हणून.

दादांनी एक करडा गोळा दोन्ही हातांनी उचलला. उजवा हात धरत नव्हता, म्हणून छातीशी घेतला.

“हे सिमेंट मी घातलं,” ते म्हणाले. “याने नाही. याची भरणी चांगली होती, ती काढून मी घातलं. सात वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, ज्याला दगड बसवता येत नाही, त्याने दगडाला हात लावू नये. मला दोन वर्षांपासून येत नाही.”

मग मंडळातले एक गृहस्थ कानामागे हात धरून म्हणाले, “म्हणजे बांध पडला कशाने?”

“माझ्यामुळे.”

“ते झालं हो, पण कारण काय?”

तेव्हा दादांना पाणी, पाहुणा आणि अडवलेलं दार हे सगळं सांगावं लागलं. ते आभाळाकडे न बघता, गोळ्याकडे बघून बोलले. मागच्या एका बाईंनी हळूच विचारलं, की उतरायचा रस्ता हाच का. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादांनी उभ्या आयुष्यात एवढं वाईट भाषण केलं नसेल.

प्रमुखबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, की पोतं वर आलं कसं.

“आणलं.”

“कोणी?”

“मी,” दादा म्हणाले.

आता, दादांकडे साधी सायकल नाही, हे डोंगरावरच्या शेळ्यांनाही माहीत आहे. सहासष्ट वर्षांचा, हात न मिटणारा माणूस पन्नास किलोचं पोतं पाठीवर मारून शहरातून अकराव्या पायरीपर्यंत आला, हे बाईंना पटलं की नाही कोण जाणे. मी त्या वेळी एका पिंजारलेल्या झाडाच्या शेंड्याचं निरीक्षण करत होतो. दादांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. गवंड्याने बघितलं.

मग तो दादांजवळ आला.

“काल संध्याकाळी मी तुमच्या घरी बसलो होतो.”

“हो.”

“ताईंनी मला चहा दिला.”

“हो.”

“तेव्हा सांगायचं.”

“हो,” दादा म्हणाले.

गवंडी पुन्हा दगडांकडे गेला. दिवसभर तो त्यांच्याशी बोलला नाही. दादा गोळा छातीशी धरून तसेच उभे राहिले, शेवटी मीच तो काढून घेतला. शर्टावर करडा डाग पडला होता. या वेळी तो ताईंनी एकदाच धुतला आणि राहिला तेवढा राहू दिला.

दादांना उद्यानाने काढलं नाही. त्यांनी स्वतःच मुख्य कारागिरी सोडली. अकराव्या पायरीचा बांध गवंड्याने रचायला घेतला, समोरचे दगड त्याचे. दादा मागे बसून डाव्या हाताने भरणी करतात, आणि रोज संध्याकाळी गवंडी त्यात काठी खुपसून बघतो. ही अट गवंड्याने घातली नव्हती. दादांनीच घातली, आणि गवंड्याने ती आनंदाने पाळली. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा भरणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदा त्याची गरज नव्हती असं माझं मत आहे. पण मी ते कुठे बोललो नाही.

एक करडा गोळा दादांनी पायवाटेच्या कडेला ठेवून घेतला आहे. रविवारी माणसं आली की ते तिथे थांबतात आणि सगळं सांगतात, पोत्यापासून ‘आठवावं लागेल’पर्यंत. दर वेळी मानेपासून कानांपर्यंत लाल होतात. प्रमुखबाईंनी सुचवून बघितलं, की एवढं सविस्तर नको, लोक सहलीला येतात. दादा ऐकत नाहीत. बढाई मारताना ते जेवढे हट्टी होते तेवढेच आता याबाबतीत आहेत. माणूस बदलत नाही, फक्त भिंत बदलतो.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो होतो. दादा गोळ्याशी उभे राहून सांगत होते, गवंडी बांधावर टेकून हाताची घडी घालून ऐकत होता. त्याची बायको आणि ताई आता नळावर पाण्याबद्दल बोलतात. पाण्याबद्दलच, पण बोलतात. दादा ‘मला दोन वर्षांपासून येत नाही’ या वाक्याशी आले, तेव्हा गवंडी म्हणाला, “पुरे दादा. लोकांना ऊन लागतंय. पुढे चला.”

दादांनी त्याच्याकडे बघितलं. वाक्य मात्र पुरं केलं. मग माणसं घेऊन ते बाराव्या पायरीकडे गेले, आणि मी मागे राहिलो. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी गवंड्याजवळ जाऊन म्हणालो, “ते पोतं माझ्या गाडीतून आलं होतं.”

तो एक दगड हातात फिरवून त्याची बसायची बाजू शोधत होता. त्याने वर बघितलं नाही.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मागच्या सीटवर अजून डाग आहे. घमेलं उचला, चिपा संपल्यात.”

मी घमेलं उचललं. खालच्या ढिगापासून बांधापर्यंत पायवाटेला अठ्ठावीस पायऱ्या आहेत, आणि दुपारपर्यंत मी त्या सगळ्या ओळखीच्या करून घेतल्या. दादा माणसं सोडून परत आले, मला घमेल्यासकट बघितलं, आणि आपल्या जागी भरणी करायला बसले.